जिवाचा घोर : ओळख आणि उपचार

मृगाचा पाऊस वेळेवर पडावा, सरकीची टोबणी उरकावी, रोपे दोन पानांवर यावीत आणि त्यानंतर तीन आठवडे आभाळात ढगाचा ठिपकाही दिसू नये, असा प्रसंग कोरडवाहू शेतकऱ्याच्या वाट्याला अनेकदा येतो. अशा दिवसांत गावात कोणासही स्वस्थ झोप लागत नाही. पहाटे उठून आकाशाकडे पाहावे, दुबार पेरणीसाठी बियाण्याचे पैसे कोठून उभे करावेत याचा हिशेब मांडावा, हे साहजिकच होय. या काळजीस आजार म्हणता येत नाही. उलट ती शेतकऱ्यास जागे ठेवते, वेळेवर डवरणी करावयास लावते, चार जाणत्यांचा सल्ला घ्यावयास लावते. पुढे पाऊस येतो, रोपे तग धरतात आणि त्याबरोबर काळजीही ओसरते.

परंतु काही जणांच्या बाबतीत तसे घडत नाही. पाऊस येतो, पीक सावरते, तरीही जिवाला लागलेला घोर जात नाही. काळजीचे कारण दूर झाले तरी काळजी राहते, किंवा कारणाच्या मानाने ती फारच मोठी होऊन बसते आणि माणसाचे खाणे, झोपणे व काम करणे अवघड करते. या अवस्थेस वैद्यकशास्त्रात चिंताविकार असे म्हणतात. खोकला, काविळीप्रमाणे तोही एक आजार आहे. तो ओळखता येतो आणि त्यावर उपचारही आहेत. मात्र तो अंगावर दिसत नसल्यामुळे वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो.

एक नेहमीचे उदाहरण

वऱ्हाडातील पाच एकर कोरडवाहू जमिनीचा एखादा शेतकरी डोळ्यांसमोर आणावा. वय पंचेचाळीसच्या आसपास, घरात आई, पत्नी व दोन मुले. पाऊस पडून महिना झाला आहे आणि कपाशी गुडघ्याएवढी झाली आहे. तरीही रात्री दोनच्या सुमारास तो दचकून जागा होतो. छाती धडधडते, अंगास घाम सुटतो, तळहातांना मुंग्या येतात, श्वास अपुरा पडतो आणि आता आपला शेवट आला असे त्यास वाटते. घरची माणसे घाबरून त्यास तालुक्याच्या दवाखान्यात नेतात. हृदयाचा आलेख काढला जातो, रक्त तपासले जाते. दोन्हीही निर्दोष निघतात आणि "तुम्हाला काही झालेले नाही," असे सांगून त्यास घरी पाठविण्यात येते.

आठ दिवसांनी तोच प्रकार पुन्हा घडतो. दुसरा दवाखाना होतो, तिसरा होतो. सलाइन लावले जाते, ताकदीची इंजेक्शने दिली जातात आणि खतासाठी राखून ठेवलेला पैसा खर्ची पडतो. वाटेत पुन्हा तसेच होईल या भीतीने तो आठवडी बाजारास जाणे सोडतो. बँकेतून आलेले पाकीट न फोडताच फळीवर ठेवून देतो. ओळखीच्या माणसाचा फोन वाजला तरी त्याच्या छातीत धस्स होते, म्हणून तो फोन उचलत नाही. पीककर्जाच्या नूतनीकरणाची मुदत उलटून जाते आणि वेळेवर फेड करणाऱ्यास मिळणारी व्याजसवलत हातची निसटते. घरात तो क्षुल्लक कारणावरून चिडतो. गावात कोणी म्हणते, मन कच्चे आहे. कोणी म्हणते, आळस भरला आहे. कोणी म्हणते, बाहेरची बाधा आहे.

या हकिकतीत सर्वांत घातक वाक्य कोणते, तर "तुम्हाला काही झालेले नाही" हे होय. हृदयास काही झालेले नाही, एवढाच त्याचा खरा अर्थ. परंतु त्या माणसाची धडधड, घाम व भीती ही खरी असतात. ते सोंग नव्हे. दुखणे नाही असे सांगितल्याने दुखणे जात नाही; रोगी मात्र त्याविषयी बोलणे बंद करतो.

शरीरात काय घडते?

रात्रपाळीच्या विजेवर ओलीत करणाऱ्या शेतकऱ्याचा पाय अंधारात एखाद्या लांबट, मऊ वस्तूवर पडला, तर विचार करण्यापूर्वीच तो मागे उडी घेतो. हृदय जोराने धडधडू लागते, श्वास जलद होतो, हातपाय ताठतात, घाम येतो. पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी शरीराने केलेली ही सिद्धता होय. बॅटरीच्या उजेडात ती वस्तू ठिबकची नळी आहे असे दिसले, की काही मिनिटांत शरीर शांत होते. ही व्यवस्था निसर्गाने जीव वाचविण्यासाठीच दिलेली आहे.

चिंताविकारात हीच व्यवस्था नको त्या वेळी आणि नको तितक्या वेळ चालू राहते. साप नसताना शरीर साप असल्याप्रमाणे वागते. श्वास फार जलद झाल्यामुळे रक्तातील कार्बनवायूचे प्रमाण घटते. त्यायोगे बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात आणि डोके हलके होते. त्यामुळे भीती आणखी वाढते व तिच्यामुळे श्वास आणखी जलद होतो. अशा भीतीच्या झटक्याचा जोर काही मिनिटांतच शिगेस पोहोचतो आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. तो भयंकर वाटला तरी त्याने हृदय बंद पडत नाही. सर्वच रोग्यांना असे झटके येतात असे नाही. काहींना दिवसभर मंद आचेवर ठेवल्यासारखी हुरहूर लागून राहते. काहींना माणसांत बोलण्याचीच धास्ती वाटते.

ओळखण्याच्या खुणा

आपल्याकडे रोगी "मला चिंता आहे" असे सहसा सांगत नाही. तो म्हणतो, जीव खालीवर होतो, काळजात धडकी भरते, डोके जड राहते, पोटात गोळा येतो, अन्न गोड लागत नाही. स्त्रियांमध्ये हा विकार पुरुषांपेक्षा अधिक आढळतो आणि त्या बहुधा अंगदुखी, थकवा, हातापायांची मुंगी अशाच तक्रारी सांगतात. म्हणून पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात.

१. काळजी सुरू झाली की ती थांबविणे आपल्या हाती राहत नाही. एकीतून दुसरी निघते.

२. झोप लागत नाही, किंवा अपरात्री जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही.

३. अंग ताठलेले राहते, एका जागी बसवत नाही, लहानशा आवाजानेही दचकावयास होते.

४. चिडचिड वाढते, कामात लक्ष लागत नाही.

५. काहीतरी वाईट घडणार, अशी धास्ती सतत वाटते.

६. ज्या ठिकाणांची, माणसांची वा कामांची भीती वाटते ती टाळली जातात.

गेल्या दोन आठवड्यांत असा त्रास किती दिवस झाला, हे विचारावे. एखाद-दुसऱ्या दिवशी झाला असेल तर धीर देऊन लक्ष ठेवावे. परंतु निम्म्याहून अधिक दिवस झाला असेल आणि त्यामुळे शेतातील कामात, घरात किंवा व्यवहारात अडथळा येत असेल, तर तपासणी करून घेणे अवश्य आहे. आरोग्य केंद्रांत अशाच स्वरूपाची सात प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. प्रत्येक उत्तरास शून्य ते तीन गुण असतात व एकंदर गुण दहा किंवा त्याहून अधिक झाल्यास पुढील तपासणी आवश्यक समजतात. प्रश्नावलीने निदान होत नाही. निदान डॉक्टरांनीच करावयाचे असते.

जे चिंता समजू नये

येथे एक सावधगिरी सांगणे जरूर आहे. फवारणी करताना किंवा तीनंतर काही तासांत एखाद्यास घाम, धाप, मळमळ, उलटी, पोटात मुरडा, तोंडास लाळ, स्नायूंची फडफड अशी लक्षणे दिसली आणि डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर ती कीटकनाशकाची विषबाधा समजावी. 'घाबरला आहे' असे म्हणून त्यास झोपवून ठेवू नये. अंगावरील कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी बरोबर घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरता कामा नये.

त्याचप्रमाणे छातीत दाबल्यासारखे दुखून ती कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर प्रथम हृदयाचीच तपासणी व्हावी. थायरॉइड ग्रंथीचा विकार व रक्तक्षय यांमुळेही धडधड होते. म्हणून पहिल्या भेटीत शरीराची तपासणी करून घेणे योग्यच आहे. चूक होते ती त्यापुढे. तपासणी निर्दोष निघाल्यावर मनाच्या बाजूने विचार करावयाचा, तो केला जात नाही.

टाळाटाळ हे विकाराचे खत

हा विकार कशाने वाढतो, हे समजण्यासाठी बुजऱ्या बैलाचे उदाहरण घेता येईल. ओढ्यावरच्या फरशीवर एकदा पाय घसरलेला बैल पुन्हा फरशी दिसताच अडतो. धन्याने दर वेळी गाडी लांबच्या वाटेने नेली, तर बैलाची भीती जात नाही. उलट तो पुढे साध्या मोरीवरही अडू लागतो. धन्याने चाबूक ओढला, तर भीती दुप्पट होते. जाणता शेतकरी यांपैकी काहीच करीत नाही. तो पहिल्या दिवशी बैलास फरशीपासून दूर उभे करतो, पाठीवर थाप देतो, त्याचा श्वास शांत होईपर्यंत थांबतो. दुसऱ्या दिवशी आणखी जवळ नेतो. मग जोडीस वाट ठाऊक असलेला शांत बैल जुंपून रिकामी गाडी पार करतो. भरलेली गाडी सर्वांत शेवटी.

चिंताविकारावरील समुपदेशनाचा महत्त्वाचा भाग हाच आहे. बँकेचे पाकीट फळीवर ठेवले की त्या क्षणी जिवास बरे वाटते. पण त्या बरे वाटण्यामुळेच पाकिटाची भीती मुरत जाते. समुपदेशक रोग्यास एकदम बँकेत पाठवीत नाही आणि "हिंमत धरा" असे सांगून मोकळाही होत नाही. तो रोग्याबरोबर बसून भीतीच्या गोष्टींची लहानापासून मोठ्यापर्यंत पायरीवार यादी करतो. आज पाकीट फक्त हातात घ्यावयाचे. उद्या फोडून वाचावयाचे. परवा भावास बरोबर घेऊन बँकेच्या दारापर्यंत जावयाचे. प्रत्येक पायरीवर धडधड होते, थोडा वेळ थांबले की उतरते, आणि ती उतरते याचा रोग्यास अनुभव येतो. त्याबरोबरच मनात येणारे विचार पारखण्यास शिकविले जाते. "बँकेत गेलो की गावात अब्रू जाणार" हा विचार कितपत खरा आहे? मागील वर्षी गावातील कितीजण नूतनीकरणासाठी गेले होते आणि त्यांची अब्रू गेली काय? असे उपचार सामान्यपणे आठवड्यास एक बैठक याप्रमाणे काही आठवडे चालतात.

औषधांविषयी

विकार तीव्र असल्यास डॉक्टर गोळ्याही देतात. उदासीनतेवर वापरली जाणारी काही औषधे चिंतेवरही गुणकारी आहेत. त्यांचा गुण दिसू लागण्यास दोन ते चार आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. त्यामुळे आठ दिवसांत फरक पडला नाही म्हणून ती सोडू नयेत. बरे वाटू लागल्यावरही काही महिने ती घ्यावी लागतात व बंद करावयाची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. या औषधांची चटक लागत नाही. तत्काळ शांत करणाऱ्या किंवा झोप आणणाऱ्या काही गोळ्यांची मात्र सवय लागू शकते. त्या डॉक्टरांनी सांगितल्या तितकेच दिवस घ्याव्यात. दुकानातून परस्पर आणू नयेत.

झोपेसाठी दारू घेणे हा तर आगीत तेल ओतण्याचाच प्रकार होय. दारूने प्रथम गुंगी येते. पण मध्यरात्री ती उतरताच धडधड अधिक वाढते. कडक चहाचे अनेक कप आणि तंबाखूचा खर्रा यांनीही हृदयाची गती वाढते. ते कमी करावेत. रोज सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे संथ श्वसन करावे. चार अंक मोजेपर्यंत श्वास आत घ्यावा आणि सहा अंक मोजेपर्यंत सावकाश बाहेर सोडावा. देवदर्शनाने, भजनाने मनास आधार मिळत असेल तर तो अवश्य घ्यावा. परंतु मांत्रिकाच्या नादाने औषधोपचार थांबवू नयेत.

उपचार कोठे मिळतात?

या उपचारांसाठी मोठ्या शहरातील मनोरुग्णालयातच जावे लागते, असा समज आहे. तो बरोबर नाही. देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला आणि १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची जोड त्यास मिळाली. जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागात तपासणी, समुपदेशन व औषधे यांची सोय असते. प्रथम मात्र जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तेथून पुढील ठिकाणी पाठविले जाते. १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही निःशुल्क सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तेथे दिवसरात्र केव्हाही फोन करून मराठीतून समुपदेशकाशी बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार शासकीय सेवेतून असे उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क असून रोग्याची माहिती गुप्त राखणे हे उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे.

साध्या माणसांच्या मदतीने काय साधते, याचे दाखले आपल्याजवळच आहेत. गोव्यात 'संगाथ' या संस्थेच्या पुढाकाराने स्थानिक व्यक्तींना, त्या डॉक्टर नसतानाही, समुपदेशनाचे शिक्षण देऊन आरोग्य केंद्रांत नेमण्यात आले. चिंता व उदासीनता यांचे रोगी त्यांच्याकडे सोपविण्यात आले. गरजेप्रमाणे डॉक्टरांचे साहाय्य होतेच. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शासकीय केंद्रांतील अशा रोग्यांपैकी सहा महिन्यांनी शेकडा सुमारे ६६ बरे झाले होते. ज्या केंद्रांत ही सोय नव्हती तेथे हे प्रमाण शेकडा सुमारे ४३ होते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम राबविण्यात आला. गावातीलच कार्यकर्ते घरोघर जाऊन बोलू लागले, तेव्हा उदासीनतेने ग्रासलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण शेकडा सुमारे ४ वरून २७ वर गेले. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. गावाच्या ओळखीचे माणूस दारी आले, हाच यांतील मुख्य फरक होय.

गावपातळीवरील कार्यकर्त्याचे काम

कृषी विभागाचा कर्मचारी किंवा आशा सेविका यांनी डॉक्टर होण्याची गरज नाही. ओळखणे, ऐकून घेणे व सोबत जाणे, एवढेच त्यांचे काम आहे. प्रात्यक्षिकास नेहमी येणारा शेतकरी दोन वेळा आला नाही, शेताच्या कामात मागे पडला, चारचौघांत बसेनासा झाला, तर त्याच्या घरी जावे. चारजणांसमोर विचारू नये. बांधावर किंवा ओसरीवर निवांत बसून, "भाऊ, अलीकडे झोप कशी लागते?" एवढ्यापासून सुरुवात करावी. तो बोलू लागला की मध्येच उपदेश करू नये. "इतरांना याहून मोठी संकटे आहेत" असे म्हणू नये. "हा त्रास पुष्कळांना होतो, याला नाव आहे आणि औषधही आहे," असे सांगावे. पहिल्या भेटीस आरोग्य केंद्रात स्वतः बरोबर जावे. एकटा माणूस अर्ध्या वाटेतून परत फिरतो. सोबत असली की पोहोचतो.

बोलण्यातून निराशा जाणवल्यास, "जगू नये असे विचार मनात येतात काय?" असे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत चुकीची आहे. उलट माणसास मन मोकळे करण्यास वाट मिळते. उत्तर होय असे आल्यास त्यास एकटे सोडू नये. घरातील कीटकनाशके त्याच वेळी दुसरीकडे हलवून कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. एरवीही कीटकनाशके राहत्या घरात न ठेवता कुलूपबंद ठेवण्याची शिस्त प्रत्येक गावाने पाळली पाहिजे.

समुपदेशनाने कर्ज फिटत नाही आणि पाऊसही पडत नाही, हे खरे. कार्यकर्त्याने तसे खोटे आश्वासनही देऊ नये. परंतु कर्जाच्या पुनर्रचनेसाठी अर्ज करावयाचा, बियाणे बदलावयाचे, भावाशी वाटणीचे बोलावयाचे, तर त्यासाठी रात्रीची झोप झालेला, पाकीट उघडू शकणारा माणूस लागतो. वर सांगितलेला शेतकरी उपचारानंतर काळजीमुक्त होईल असे नाही. पुढील वर्षीही पावसाचा खंड पडला तर तो आकाशाकडे पाहीलच. मात्र त्या वेळी तो बँकेच्या खुर्चीवर बसून अधिकाऱ्याशी बोलू शकेल आणि बाजारातून बियाणे घेऊन सायंकाळी घरी परतेल.

यासाठी प्रत्येक गावाने खरीपाच्या तोंडाशी एवढे तरी करावे. ग्रामपंचायतीच्या फलकावर पाऊसमान व बाजारभाव लिहितात, तेथेच १४४१६ हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहावा. पेरणीपूर्व सभेत बीजप्रक्रियेच्या माहितीबरोबर या विकाराच्या खुणाही वाचून दाखवाव्यात. आणि ज्याच्या घराकडे बरेच दिवसांत कोणाचे पाऊल वळले नाही, त्याच्याकडे त्याच आठवड्यात कोणीतरी जाऊन यावे.